अण्णांचं पत्त्याचं गाणं

मी भिंगार सोडलं त्या सकाळी अण्णा मला पोचवायला स्टँडवर आले नाहीत. दारातच उभे राहून त्यांनी माझ्या बॅगेच्या दोन्ही चेन उघडून-लावून पाहिल्या, एक जरा अडत होती तिला मेणबत्ती घासली आणि म्हणाले, "आता अडकायची न्हाई." अण्णा, म्हणजे माझे वडील, लष्कराच्या एका डेपोत शिवणकाम करायचे. घरात लग्न असो की मयत, त्यांचा हात आधी शिवणीकडे जायचा. आई आणि माझी थोरली बहीण, ताई, माळीवाड्याच्या स्टँडपर्यंत आल्या. पुण्याची गाडी लागली, मी खिडकीची जागा धरली, तेव्हा ताईने खिडकीतून एक कॅसेट माझ्या मांडीवर टाकली. ‘पत्ता बदललाय.’ डबीला तडा गेलेला, वरचा कागद उन्हाने पांढरा पडलेला. "तिकडं टेप असतो का गं?" तिने विचारलं. "नसला तर घेईन," मी म्हटलं. मी चोवीस वर्षांची होते, नर्सिंग झालं होतं, आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलची नोकरी हातात होती. आणि महिन्याभरापूर्वी जे घडलं होतं त्यानंतर रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. गाडी सुटली. नाही रडले.

हे मी तुमच्यासाठी लिहितेय. डेपोच्या क्वार्टर्सच्या ओळीत माझ्यासोबत वाढलात, मग कुणी भिंगारलाच राहिलात, कुणी पुण्याला, कुणी मस्कतला गेलात, त्या सगळ्यांसाठी. गेल्या वर्षी हा अल्बम नव्याने निघाला, तेव्हा आपल्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं: "काय ते दिवस! निव्वळ प्रेमाची गाणी!" खाली बदामांची ही रांग. मी उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी म्हटलं, हे चार ओळींत मावायचं नाही, सविस्तरच सांगते.

आठवतं ना, आपण शाळेत असताना ही कॅसेट कुणाच्या घरी वाजत नव्हती? आठ गाणी होती. गाणारीचं नाव त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही फारसं ऐकू आलं नाही. कव्हरवर ती लाल सुटकेस घेऊन एका बंद दारासमोर उभी होती. पहिलंच गाणं अल्बमच्या नावाचं, आणि त्याची ती ओळ: ‘शोधू नको जुन्या दारी, पत्ता बदललाय माझा.’ शाळेच्या गॅदरिंगला आपण आठ जणी गॉगल लावून त्यावर नाचलो होतो आणि मुख्याध्यापिका बाईंनी अर्ध्यात पडदा पाडला होता. आपल्या लेखी त्या गाण्याचा अर्थ एकच होता. एका पोरीने एका पोराला चांगलं झापलंय.

ताईला तर ते आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटायचं. मागच्या ओळीतला एक मुलगा दोन वर्षं तिला सायकलवरून हसून दाखवत होता, आणि एक दिवस दुसरीलाच डबलसीट घेऊन गेला. त्या दिवशी ताईने टेपचा आवाज एवढा वाढवला की हे गाणं त्याच्या घरापर्यंत जावं. गेलंही असेल. पुढे ताईचं लग्न ठरलं तेव्हा आईने कॅसेट उचलून डाळीच्या डब्यामागे ठेवली. "लगीन ठरलेल्या घरात ‘मला शोधू नको’ म्हनं! पाव्हने काय म्हनतील?" तिच्या कानाला ते अपशकुनी वाटायचं.

आणि अण्णा. अण्णांना सिनेमाच्या गाण्यांचाही नाद नव्हता. पण रविवारी ते घरच्या मशीनवर लोकांच्या पॅन्ट-शर्ट अल्टर करायला बसले की म्हणायचे, "ते पत्त्याचं लाव गं." तेवढं एकच. ते संपलं की, "पुन्हा लाव." मशीनचा पाय गाण्याच्या ठेक्यावर पडायचा. आम्ही दोघी बहिणी तोंडात ओढणी कोंबून हसायचो. आई म्हणायची, "म्हातारपनी पॉप लागलंय तुमाला." अण्णा हसायचे, पण का आवडतं ते सांगायचे नाहीत. आम्हीही कधी विचारलं नाही. बापाच्या आवडीनिवडीला काही कारण असेल असं त्या वयात वाटतच नाही.

अण्णांची दुसरी एक खोड मात्र अख्ख्या ओळीला माहीत होती. कुठलाही फॉर्म आला, शाळेचा, रेशनचा, बँकेचा, की ‘कायमचा पत्ता’ या रकान्यात ते आपल्या क्वार्टरचा नंबर लिहायचे. क्वार्टर नंबर सतरा बटे चार, भिंगार. ताईच्या लग्नपत्रिकेवर तोच. लोखंडी पेटीवर पांढऱ्या ऑइलपेंटने तोच. शेजारचे काका चिडवायचे, "अण्णा, सरकारी खोलीला कायमचा पत्ता म्हणणारा हिंदुस्थानात तू एकटाच." सगळ्यांनी आपापल्या गावाचा पत्ता लिहिला होता, कारण रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अण्णांना ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? तरी ते तेच लिहायचे, ठळक अक्षरात, खाली रेघ ओढून.

व्हायचं तेच झालं. अण्णा रिटायर झाले, आम्ही क्वार्टर सोडलं आणि भिंगारच्या बाजारामागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पाचच महिन्यांनी माझी नोकरीची मुलाखत झाली, मी पास झाले आणि पासपोर्टचा अर्ज टाकला. कायमचा पत्ता? अण्णांनीच भरला होता फॉर्म. पडताळणीला आलेला शिपाई सतरा बटे चारला गेला. तिथे नव्याने आलेलं बिऱ्हाड म्हणालं, या नावाचं इथे कुणी राहत नाही. खरंच होतं ते. मग मला पत्र आलं की कायमच्या पत्त्याचा पुरावा द्या. तिकडे हॉस्पिटलने दीड महिन्याची मुदत दिलेली.

पुरावा एकाच ठिकाणी मिळणार होता, गावी. आमचं गाव कर्जत तालुक्यात आहे. मी तिथे लहानपणी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा मयतीला. अण्णा त्याहून जास्त गेले नसतील. गावाच्या दप्तरात आमच्या वस्तीचं नाव जातीवरून होतं आणि त्यापुढे ‘वाडा’. ते नाव मी इथेही लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना नाही त्यांना माझ्याकडून ते कळायला नको. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, घरातले देव गेले, मेलेली जनावरं ओढायची कामं गेली, पोरं शाळेत गेली. दप्तरातलं नाव तेवढं तसंच राहिलं.

ग्रामसेवक सज्जन माणूस होता. पण दाखल्यावर दप्तरात आहे तेच लिहावं लागेल म्हणाला, आणि सोबत वडिलांनी आपल्या हाताने पूर्ण पत्ता लिहून तसं निवेदन द्यावं लागेल. मी अण्णांचा चेहरा पाहिला. "अण्णा, राहू द्या," मी म्हटलं. "नोकरी गेली तर गेली. पुण्यात कुठेही लागेल मला."

"तू गप," अण्णा म्हणाले. "मी हितनं निगालो तवा मला कुनी अडवलं न्हाई. आता तुला एका शबुदापायी अडवू देऊ व्हय?"

त्यांनी कागद घेतला, बाकावर बसले आणि लिहिलं. पूर्ण नाव, बाप, आजा, वस्तीचं ते नाव, गाव, तालुका, जिल्हा. अक्षर नेहमीसारखंच ठळक. खाली रेघ मात्र ओढली नाही. मी शेजारी उभी होते, आणि त्या क्षणी मला नोकरीची, आयर्लंडची, सगळ्याचीच शिसारी आली. तरी मी तो कागद घेतला. खोटं कशाला बोलू, घेतलाच. निघायच्या महिनाभर आधी घडलं ते हे.

परतीच्या एस.टी.त अण्णा मिरजगाव मागे पडल्यावर आपणहून म्हणाले, "ते पत्त्याचं गानं मला का आवडतं, ठाऊक हाय?" मी नाही म्हटलं. मग त्यांनी सांगितलं. ते लहान असताना पोस्टमन आमच्या वस्तीत यायचाच नाही. पत्रं वेशीजवळच्या दुकानात ठेवायचा. दुकानदार चार माणसांत वस्तीच्या नावाने हाक मारायचा, मग जायचं आणि पायरीच्या खाली उभं राहून पत्र घ्यायचं. नोकरी लागून क्वार्टर मिळालं त्याच आठवड्यात अण्णांनी नगरच्या पोस्टात जाऊन एक कार्ड घेतलं, त्यावर स्वतःचंच नाव आणि सतरा बटे चार एवढं लिहिलं, मागे काहीच नाही, आणि पेटीत टाकलं. तिसऱ्या दिवशी पोस्टमन दारात आला, नाव घेऊन हाक मारली आणि कार्ड हातात दिलं. "हातात," अण्णा पुन्हा म्हणाले. "ती बाई गान्यात म्हनती ना, जुन्या दारी शोधू नको. मला वाटायचं, आपन गावालाच म्हनतोय."

इतक्या रविवारी आम्ही ज्याच्यावर हसलो होतो ते हे होतं.

आता कॉर्कचं, आयर्लंडमधल्या माझ्या शहराचं सांगते. पहिल्या वर्षी आम्ही चार नर्सेस एका घरात राहायचो, दोघी केरळच्या, एक फिलिपिन्सची, एक मी. ड्युट्यांचं रोस्टर स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर चिकटवलेलं. चॅरिटी शॉपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, मी एक वॉकमन घेतला आणि पहिल्या सुट्टीच्या दिवशी कॅसेट लावली. पहिलं गाणं निम्मंसुद्धा ऐकवलं नाही मला. भिंगारला जे गाणं सांगत होतं की चल, नीघ, तेच इथे म्हणत होतं की तू आता तिथे सापडणार नाहीस. आईने दार उघडलं तर मी तिथे नाही. ताई मला हाक मारेल आणि मी नाही. गाणं तेच, बाई तीच, फक्त आता दाराच्या आत उभी राहिलेली माणसं माझी होती. त्यात अण्णांचा तो कागद. मी कॅसेट काढली आणि मोज्यांच्या खणात टाकली. आवराआवर करताना हाताला लागायची, तेव्हा बाजूला सारायची.

वर्षं गेली. माझा नवरा नागपूरचा, इथेच हॉस्पिटलात भेटला. मुलगी झाली, मैत्रेयी. हप्त्याने घर घेतलं, मागे बारीक अंगण, त्यात मेथी येते, कोथिंबीर रुसते. आई गेली तेव्हा मी पोचले, पण उशिरा. अण्णांना ताईने आपल्याकडे नेलं. तिने आणि भाऊजींनी भिंगारलाच तीन खोल्या बांधल्यात. आणि प्रत्येक वेळी पासपोर्ट नवा करताना त्याच्या शेवटच्या पानावर वस्तीचं तेच नाव छापून यायचं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला त्या शब्दाचं काय? नुसती अक्षरं. पण पान उलटताना माझी मान अजूनही ताठ व्हायची.

मैत्रेयी नऊ वर्षांची असताना तो पासपोर्ट तिच्या हाती लागला. इंग्रजी अक्षरं लावत लावत तिने तो शब्द वाचला आणि विचारलं, "मम्मी, व्हॉट्स धिस?" मी म्हटलं, "आजोबांच्या गल्लीचं नाव आहे." "छान आहे," ती म्हणाली. मी भांडी घासायला घेतली, स्वच्छ होती तीसुद्धा घासली. त्या दिवशी ठरवलं की हे नाव बदलायचं. अण्णांना ते पुन्हा कधी लिहायला लागता कामा नये, आणि माझ्या मुलीला ते छान वाटता कामा नये. अण्णा तेव्हा पंचाहत्तरीकडे झुकलेले. म्हणजे वेळ माझ्या हातात नव्हता.

मग सुरू झालं. गावातला माझा चुलतभाऊ बाळू तिथे उभा आणि मी इथून फोनवर. वॉर्डात चहाच्या सुट्टीत मी अर्जाचे मसुदे लिहायचे. एक अर्ज हरवला, दुसरा चुकीच्या टेबलावर गेला, तिसऱ्याच्या वेळी ग्रामसेवक बदलला. सरकारनेच अशी नावं बदला म्हणून सांगितलं होतं, तरी प्रत्येक ग्रामसभेत विषय शेवटी यायचा आणि तोवर माणसं उठून गेलेली असायची. एका सभेत एक जुने पुढारी म्हणाले, "नावात काय हाय? चालत आलंय ते चालू द्या की." बाळू उठला आणि म्हणाला, "मग घ्या की तुमच्या आळीला. आमी आजपासून सोडलं." फोन चालू होता, सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी हसलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा विषय पुढे सरकला. चिकाटी म्हणाल तर मला आईकडून मिळालीय, आणि तोंडाळपणा सगळ्या घराण्यालाच आहे.

याच सुमारास अल्बम पुन्हा आला. आता मैत्रेयी सोळा वर्षांची. एके सकाळी ती स्वयंपाकघरात तेच गाणं गुणगुणत आली. मी भाकरी तव्यावर विसरले. "तुला कुठे मिळालं हे?" "रील्सवर आहे सगळीकडे, मम्मी. मूव्हिंग आउटचं गाणं आहे ते. लोक बॉक्स पॅक करताना लावतात." आणि म्हणाली, "मी पण कॉलेजला जाताना हेच लावणार." मला वाटलं होतं राग येईल. आला नाही. मी फोनवर त्या गाण्याखाली लोकांनी लिहिलेलं वाचत बसले. एकीने लिहिलं होतं, घटस्फोटाच्या दिवशी ऐकलं. एकाचं गाव धरणात गेलं होतं. एकाने लिहिलं होतं, आईला आवडायचं, का ते विचारायचं राहून गेलं. त्या गायिकेला तरी ठाऊक असेल का की आपण नक्की काय गायलो?

ठराव मंजूर झाला. वस्तीचं नाव समतानगर ठरलं, दप्तरात चढलं, आणि गेल्या जानेवारीत पाटी लागायच्या दिवशी मी मैत्रेयीला घेऊन आले. भिंगारहून अण्णांना गाडीत घातलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात ताईने आणलेले नवे बूट. वाटेत मी त्यांना सगळी लढाई पुन्हा सांगितली. ते ऐकत होते, मधेच "हां" म्हणत होते. मला आतून वाटत होतं की मी त्यांना काहीतरी परत द्यायला घेऊन चाललेय.

पाटी विहारासमोर लागली. निळ्यावर पांढरी अक्षरं. पोरांनी स्पीकर आणला होता आणि वंदना झाल्यावर, काय योग असतो बघा, त्यांनी तेच गाणं लावलं. कुणी ठरवून लावलं नव्हतं, सध्या जिथे-तिथे तेच वाजतंय म्हणून. बाळूची सून मैत्रेयीला हाताला धरून नाचायला घेऊन गेली. अण्णांना आता कमी ऐकू येतं. ते खुर्चीत बसून पाटीकडे बघत होते. मला त्यांच्या कानाशी वाकून सांगावंसं वाटलं की अण्णा, तुमचं गाणं. पण तेवढ्यात ग्रामपंचायतीची वही आली. आलेल्यांनी नाव, पत्ता लिहून सही करायची होती.

मी पेन उघडून अण्णांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "लिहा. आता नवं नाव लिहा." सात वर्षं मी याच क्षणासाठी भांडले होते.

अण्णांनी चष्मा सारखा केला आणि लिहिलं: स्वतःचं नाव, ताईच्या घराचा नंबर, भिंगार. खाली रेघ ओढली.

"अण्णा," मी म्हटलं, "समतानगर लिहायचं होतं ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लई चांगलं काम केलंस तू. हितं ऱ्हात्यात त्यांच्यासाठी केलंस. बाळूच्या नातवाला आता कुनी त्या नावानं हाक मारनार न्हाई." मग वहीवर बोट ठेवून म्हणाले, "पर मी भिंगारचा हाय. मी तवाच गेलो हितनं."

मला आधी लागलं ते. खरं सांगते, डोळे भरून आले, आणि थोडा रागही होता त्यात. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या बापाचं हिरावलेलं गाव मी त्याला मिळवून देतेय. त्यांना ते नकोच होतं. त्यांनी आपलं घर कधीच मिळवलं होतं, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, आणि त्या घराला कायमचं म्हणायला ते कुणाची परवानगी मागत बसले नव्हते. रडायचं तर मी माझ्यासाठी रडायला हवं होतं. कारण वीस वर्षांहून जास्त काळ मी आयर्लंडातल्या घराला ‘सध्याचा पत्ता’ म्हणत आलेय. जिथे माझी मुलगी वाढली, जिथे मला दर सकाळी कामावर कुणीतरी नावाने हाक मारतं, तिथे मी मनाने अजून बॅग न उघडता बसले होते. आणि तुम्हीही बसला असाल, मस्कतमध्ये, पुण्यात, जिथे असाल तिथे.

वही माझ्याकडे आली. अण्णांच्या खालची ओळ रिकामी होती. मी लिहिलं: माझं नाव, कॉर्कमधल्या आमच्या घराचा नंबर, रस्ता, गाव, तिकडचा पोस्टाचा कोड. वहीच्या रकान्यात मावेना, म्हणून दुसऱ्या ओळीत उतरले. पेन खाली ठेवणार होते, पण थांबले आणि खाली रेघ ओढली.

अण्णांनी वही ओढून घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि अक्षर न् अक्षर वाचलं. वाचून झाल्यावर वही बाळूकडे दिली आणि मला म्हणाले, "बराबर लिवलंस. आता मला तिथं एक कार्ड टाकू दे."